यात माझी चूक कुठे लिहिली आहे?

चार घड्या घातलेलं नोटिशीचं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. मावशींनी ते काढलं, टेबलावर ठेवून तळहाताने दोनदा दाबलं, सरळ केलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"ताई, यात माझी चूक कुठे लिहिली आहे तेवढं बोट ठेवून दाखवा. बाकी मी बघते."

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. शिलाईकाम करणारे, दुरुस्तीवाले, छपाईवाले, स्वतःची एकच गाडी चालवणारे असे लोक माझ्याकडे येतात. नोटिसा वाचणं हे माझं रोजचं काम. मावशी पहिल्यांदाच आल्या होत्या. तोवर शिलाईच्या धंद्याची सगळी सरकारी पत्रकं त्या स्वतःच भरत होत्या. मी पेन्सिल घेतली आणि ओळीओळीवरून फिरू लागले. 'उपरोक्त संदर्भान्वये' सापडलं. 'विहित मुदतीत', 'सुधारित तरतुदीनुसार', 'कसूर केल्याचे निदर्शनास आले आहे' हेही सापडलं. कसूर कोणती, ते मात्र दोन पानांत कुठेच नव्हतं. त्यासाठी संदर्भातली अधिसूचना काढावी लागली. ती आणखी जुन्या अधिसूचनेत बदल करणारी होती आणि तिच्यात 'अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात यावेत' एवढाच मजकूर होता. मग ती जुनीही काढली. तिसरा कागद समोर आल्यावर उलगडा झाला. मावशी जे पत्रक दर तीन महिन्यांनी भरत होत्या, ते आठ महिन्यांपासून दरमहा भरायचं झालं होतं. मावशींनी एकही पत्रक चुकवलेलं नव्हतं. प्रत्येक वेळेत भरलं होतं, जुन्या नियमाच्या वेळेत.

बोट ठेवून दाखवण्यासारखी ओळ त्या नोटिशीत नव्हती. ते त्यांना सांगताना मलाच अपराधी वाटलं.

कायद्याचं अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे तत्त्व मी शिकले तेव्हा त्यात खटकण्यासारखं काहीच वाटलं नव्हतं. आजही ते तत्त्व मला मान्य आहे. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून सुटता आलं असतं, तर ज्याला काहीच माहीत करून घ्यायचं नाही त्याचं फावलं असतं. पण हे वाक्य अर्धं आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग असा, की ज्याच्यावर कायदा लागू करायचा त्याला तो कळेल अशा रीतीने सांगितलेला असला पाहिजे. पहिला अर्धा सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याची आठवण कुणी करून देत नाही, आणि गेली काही वर्षं मला तेच जास्त छळतं आहे.

हा दुसरा भाग नवा नाही. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात हम्मुराबीचा सव्वादोन मीटर उंचीचा काळा शिलास्तंभ आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या या राजाने आपले कायदे त्यावर कोरून घेतले. कायदे संपल्यावर शेवटी जो मजकूर आहे, तो मला कायद्यांपेक्षा जास्त जवळचा वाटतो. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने इथे यावं, हा स्तंभ वाचून घ्यावा, आपलं प्रकरण समजून घ्यावं आणि त्याच्या मनाला स्वस्थता मिळावी, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. शिक्षा सांगणाऱ्या दगडावर 'मनाला स्वस्थता' हे शब्द कोरावेसे वाटले, याचं मला अजून अप्रूप आहे.

उलट टोक रोममध्ये दिसतं. सम्राट कॅलिगुलाने नवे कर लादले आणि ते लेखी जाहीरच केले नाहीत. लोक नकळत नियम मोडत राहिले. अखेर लोकांनी आग्रह धरला तेव्हा त्याने कायदा लावला, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या अडचणीच्या जागी की कुणाला नक्कल उतरवून घेता येऊ नये. रोमन चरित्रकार सुएटोनियसने हे नोंदवून ठेवलं आहे. याच रोममध्ये कॅलिगुलाच्या तीन शतकं आधी ग्नेयस फ्लेवियस नावाचा एक लेखनिक होऊन गेला. मुक्त केलेल्या गुलामाचा हा मुलगा. न्यायालयाचं काम कोणत्या दिवशी चालतं आणि दावा कोणत्या शब्दांत मांडायचा, हे ज्ञान तोवर मोजक्या पुरोहितांपाशी होतं. परंपरा सांगते की इसवी सनपूर्व ३०४च्या सुमारास त्याने दाव्याचे ते शब्द सगळ्यांसाठी खुले केले आणि दिवसांची यादी पांढऱ्या फळीवर लिहून भर चौकात लावली. मी स्वतः हिशेबनीस असल्यामुळे असेल, पण रोमच्या सेनापतींपेक्षा हा लेखनिक मला मोठा वाटतो.

इंग्लंडची गोष्ट तर ऐकूनही खरी वाटत नाही. तिथे १७९३पर्यंत, कायद्यात वेगळी तारीख दिलेली नसेल तर तो संसदेच्या त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला असं धरलं जाई. म्हणजे अधिवेशन जानेवारीत सुरू झालं आणि कायदा मे महिन्यात मंजूर झाला, तरी मार्चमध्ये केलेली गोष्ट गुन्हा ठरू शकत होती. त्या वर्षी संसदेने वेगळा कायदा करून ठरवलं, की प्रत्येक कायद्यावर राजसंमतीची तारीख लिहायची आणि तिथून तो लागू करायचा. साधी तारीख टाकण्याची गोष्ट, पण तिला इतकी शतकं लागली.

आपल्याकडे हा प्रश्न जयपूरच्या एका खटल्यात आला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३मध्ये ठराव करून अफूविषयीचा एक कायदा संमत केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. पुढे त्या कायद्याखाली एका माणसाला पन्नास रुपये दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. जो कायदा लोकांना कळवलेलाच नाही, कळून घेण्याची वाटही ठेवलेली नाही, त्याखाली माणसाला शिक्षा देणं नैसर्गिक न्यायात बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि शिक्षा रद्द केली. पन्नास रुपयांसाठी तो माणूस तिथपर्यंत गेला म्हणून हे तत्त्व आपल्या पदरात पडलं.

प्रसिद्ध करणं मात्र पुरेसं नसतं. कोणत्या भाषेत प्रसिद्ध केलं, हा पुढचा प्रश्न येतोच. चेक प्रजासत्ताक २००४मध्ये युरोपीय संघात गेलं. तिथल्या एका वाइन आयात करणाऱ्या कंपनीला सीमाशुल्क खात्याने संघाच्या नियमांच्या आधारे दंड केला. ते नियम तोवर संघाच्या राजपत्रात चेक भाषेत छापलेच गेले नव्हते. इतर भाषांत होते, इंटरनेटवर होते, व्यापाऱ्याने शोधून काढायला हवे होते, असा युक्तिवाद झाला. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये तो फेटाळला. दुसऱ्या मार्गाने कळून घेणं शक्य असलं तरीही, जो नियम त्या देशाच्या भाषेत राजपत्रात आलेला नाही त्याचं ओझं त्या देशातल्या व्यक्तीवर टाकता येणार नाही, असा तो निकाल. मावशींची नोटीस मराठीतच होती. ती मराठी त्यांची नव्हती, इतकंच.

रस्त्यावर हे सगळं फार लवकर अंगावर येतं, कारण गाडी चालवणारा माणूस विचार करून चालवत नसतो. हात आणि पाय चालवत असतात. एका चौकात मी नऊ वर्षं उजवीकडे वळत होते. एके दिवशी तिथे उजवं वळण बंद झालं. फलक लावला होता, पण झाडाच्या फांदीआड. मोबाइलवर दंडाचा संदेश आला, सोबत माझ्याच गाडीचा फोटो. त्या फोटोतही फलक दिसत नव्हता, फांदी दिसत होती. दंड मी भरला. नियमाबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या चौकात अपघात होत होते आणि वळण बंद होणं गरजेचंच होतं. मनाला लागलं ते एवढंच, की दंड करणारा कॅमेरा पहिल्या दिवसापासून चालू होता आणि फांदी दोन महिन्यांनी छाटली गेली.

म्हणून स्वीडनची ती रात्र मला परत परत आठवते. स्वीडनमध्ये वाहनं डावीकडून चालत. शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडमध्ये उजवीकडून. त्यात स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंगही डाव्या बाजूलाच, त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नसे. बदल हवा हे तज्ज्ञांना पटलं होतं, लोकांना नाही. १९५५च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी नकार दिला. तरी १९६३मध्ये संसदेने बदलाचा निर्णय घेतला. लोकांनी इतक्या ठामपणे नाही म्हटलेली गोष्ट त्यांच्यावर लादणं योग्य होतं का, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही. पण त्यानंतर सरकारने जे केलं ते पाहण्यासारखं आहे. तयारीला चार वर्षं घेतली. या मोहिमेचं चिन्ह दुधाच्या खोक्यांपासून आतल्या कपड्यांपर्यंत सगळीकडे छापलं. दुधाचं खोकं रोज सकाळी हातात येतं, राजपत्र येत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

३ सप्टेंबर १९६७, रविवार. रात्री एकपासून खासगी वाहनांना बहुतेक ठिकाणी बंदी. पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी रस्त्यावर जी वाहनं होती त्यांनी थांबायचं, सावकाश रस्ता ओलांडून उजव्या बाजूला जायचं आणि पाच वाजेपर्यंत तिथेच उभं राहायचं. सुमारे ३ लाख ६० हजार फलक बदलण्यात आले, त्यांतले पुष्कळसे त्या एकाच रात्री. वेगमर्यादा काही काळ खाली आणली. त्या दिवसांत अपघात वाढतील ही भीती खोटी ठरली. उलट ते कमी झाले आणि साधारण दोन वर्षांत पूर्वीच्या पातळीवर आले. माणसं सावध होती तोवर रस्ता सुरक्षित होता, आणि सावधपणा सवयीत मुरला तशी ती सुरक्षितताही गेली, असा मी त्याचा अर्थ लावते.

मला त्यातली ती दहा मिनिटं सगळ्यात मोलाची वाटतात. चार पन्नास ते पाच. जुना नियम संपला आहे, नवा अजून सुरू झालेला नाही, आणि सगळ्यांनी मिळून उभं राहायचं आहे. प्रत्येक कायद्याला अशी दहा मिनिटं असायला हवीत.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशानेही २००९च्या ७ सप्टेंबरला बाजू बदलली, पण उजवीकडून डावीकडे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून स्वस्तात जुन्या गाड्या आणता याव्यात म्हणून. दोन दिवस सार्वजनिक सुट्टी दिली गेली. बसवाल्यांचा विरोध मात्र शेवटपर्यंत होता, आणि तो समजण्यासारखा होता. त्यांच्या बसची दारं आता रस्त्याच्या मधोमध उघडणार होती. नियम बदलायला एक सही लागते. बसचं दार दुसऱ्या बाजूला न्यायला पत्रा कापावा लागतो, आणि तो बसवाल्याने स्वतःच्या खिशातून कापून घ्यायचा असतो. लहान धंदेवाल्यावर प्रत्येक बदलाचा भार असाच पडतो. पावतीपुस्तक नवं छापा, सॉफ्टवेअर बदला, दुकानातल्या मुलाला पुन्हा शिकवा. मोठ्या कंपनीत या कामाला वेगळा विभाग असतो. मावशींकडे रात्री मशीन बंद केल्यानंतरचा एक तास असतो. ब्रिटनमध्ये व्यवसायांवर परिणाम करणारे नियम शक्यतो वर्षातून दोनच तारखांना, ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, लागू करण्याची पद्धत पाडली गेली. हे कळलं तेव्हा मी ते हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. वर्षातून दोनदा मान वर करून पाहायचं, बाकीचे दिवस काम करायचं. किती साधी माणुसकी आहे यात.

आता भाड्याच्या घराचं सांगते, कारण ते माझ्या मनातून जात नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी आणि एक मैत्रीण भाड्याने राहत होतो. घर सोडताना मालकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि अगदी मायेने सांगितलं, "मुलींनो, नियम बदललाय आता. अनामत पूर्ण परत देता येत नाही. रंगाचे पैसे कापावेच लागतात." मी म्हटलं, "हो का? मला माहीत नव्हतं." वर आणखी "सॉरी काका" असंही म्हटलं. निम्मी अनामत सोडून आम्ही बाहेर पडलो आणि जिना उतरताना एकमेकींना सांगत होतो, की काका किती नीट बोलले.

पुढे कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी भाडेकायदा वाचत होते. वाचता वाचता लक्षात आलं की असा नियम तेव्हा नव्हता. नंतरही कधी आला नाही. पैशांचं दुःख तोवर संपलं होतं. पण मी 'सॉरी' म्हटलं होतं, ते मात्र त्या दिवशी नव्याने आठवलं आणि अजूनही आठवतं.

'नियम बदललाय' हे वाक्य इतकं चालतं याचं कारण नियम खरोखरच सारखे बदलतात. कुठला बदलला आणि कुठला नाही, हे समोरच्याला तपासता येत नाही. ज्याचं घर आहे, ज्याच्या हातात पावतीपुस्तक आहे, ज्याच्या अंगावर गणवेश आहे, तो म्हणेल तो बदल. न सांगितलेला कायदा नुसता दंडापुरता वाईट नसतो. त्याच्या आडोशाने, अस्तित्वातच नसलेले कायदेही चालवून घेता येतात.

यावर एक उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो: सांगण्याची जबाबदारी ज्याचं पारडं जड आहे त्याच्यावर टाकायची. इंग्लंडमध्ये अनामत रक्कम अधिकृत योजनेत सुरक्षित ठेवण्याचं बंधन २००७पासून मालकावर आहे, आणि आता ती कुठे ठेवली हे भाडेकरूला तीस दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास न्यायालय अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. १ ऑक्टोबर २०१५पासून आणखी एक अट आली. भाडेकरूच्या हक्कांची सरकारी पुस्तिका मालकाने त्याला दिलेली नसेल, तर कारण न देता घर सोडायला लावणारी नोटीस मालकाला बजावताच येणार नाही. पुढे २०२५च्या कायद्याने ती विनाकारण नोटीसच मोडीत काढायचं ठरलं. पण त्या पुस्तिकेमागचा विचार मला धरून ठेवावासा वाटतो. आधी समोरच्याला त्याचे हक्क सांग, मग तुझा हक्क माग.

मी बदलाच्या विरोधात नाही, हे आवर्जून सांगायला हवं. सीटबेल्टची सक्ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७०मध्ये आणली तेव्हा अशी सक्ती करणारं ते जगातलं पहिलंच राज्य होतं. ब्रिटनने १९८१मध्ये कायदा केला आणि ३१ जानेवारी १९८३पासून पुढच्या सीटसाठी अमलात आणला. आधी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक पट्टा लावत. सक्तीनंतर ते प्रमाण नव्वदच्या वर गेलं. त्याआधी कितीतरी वर्षं दूरदर्शनवरून, जाहिरातींतून पट्ट्याबद्दल सांगितलं जात होतं. सांगणं झालं, मग वाट पाहणं झालं आणि शेवटी दंड आला. या क्रमाने आलेला कायदा लोकांनी आपला मानला आणि त्यात माणसं वाचली.

मावशींच्या नोटिशीला मी उत्तर लिहिलं. सगळी पत्रकं वेळेत भरल्याच्या पावत्या जोडल्या. विलंब शुल्क माफ झालं नाही, पुढची कारवाई थांबली. पावती घेऊन त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता मला लिहून द्या. कधी काय भरायचं ते. मशीनसमोर चिकटवते."

मी जाड अक्षरांत लिहिलं: 'दर महिन्याचे पत्रक पुढील महिन्याच्या विहित तारखेपर्यंत भरणे.' त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबल्या.

"विहित म्हणजे?"

"ठरवून दिलेली."

"मग कोणती ठरवून दिली आहे, ती लिहा ना."

मी 'विहित' खोडलं आणि वर आकडा घातला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, यावेळी न थांबता, आणि कागदाची घडी न घालता तो तसाच सरळ हातात धरून घेऊन गेल्या.